पत्रा ठोकलेली खिडकी

बाबूजी,

परवा नवा कॅमेरा घेतला. तुम्ही असता तर आधी किंमत विचारली असती आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलला नसता. जाम गावच्या एका लग्नात बंद हॉलमध्ये दुपारची पंगत बसली आणि लाइट गेली. सगळीकडे आरडाओरड, आणि मी फ्लॅश न लावता आरामात फोटो काढत राहिले. अंधार म्हणून आयएसओ बारा हजारांच्या वर चढवलेला. घरी येऊन कॉम्प्युटरवर बघते तर वाढणाऱ्या बाईच्या बांगड्यांवरची नक्षीसुद्धा स्वच्छ. तुमच्या पहिल्या डिजिटलमध्ये आठशेवर गेलं की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे यायचे. आता आतला तो सेन्सर, पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा, अंधारातलं काही सोडत नाही. मग मी काय केलं असेल? भर दुपारी आपल्या मागच्या स्वयंपाकघरात गेले, दार लोटून घेतलं आणि तिथलाच एक फोटो काढला. सगळं आलं. भिंतीवरची काजळी आली, फळीवरचे डबे आले, आणि खिडकीवर तुम्ही ठोकलेला पत्रा आला, खिळ्यांसकट.

आर्वीत स्टँडमागे स्टुडिओ टाकला तेव्हा डार्करूमसाठी वेगळी खोली नव्हती, म्हणून तुम्ही आईच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी बंद केलीत. आई भाकर थापतेय, वर झीरोचा बल्ब, आणि शेजारच्या ओट्यावर तुमचे केमिकलचे ट्रे. प्रिंट काढायच्या दिवशी तर नुसता लाल दिवा. त्या उजेडात भाकर शेकली की करपली ते तिला कळत नाही, आणि करपली की तुम्ही ताट सरकवता. पुढे रंगीत फोटो नागपूरच्या लॅबला जायला लागले, डार्करूमचं काम संपलं, पत्रा मात्र तसाच राहिला. आईनं तुम्हाला एकदाच म्हटलं होतं, "माहा एक फोटो काढा ना. इथंच, काम करताना." तुम्ही हसलात. "अंधारात फोटो निघत नाई, येडे. फिल्म काय झाडाले लागते?" अहो, तो अंधार केला कोणी होता? गावातल्या प्रत्येक बाईला हनुवटी जरा वर करा म्हणून गोड बोलणारा माणूस घरच्या बाईला येडी म्हणाला, आणि ती पीठ मळायला लागली.

आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो नव्हता. लग्नातल्या फोटोत बाशिंगाआडून नाक तेवढं दिसतं, आणि मतदार कार्डावर ती मामासारखी दिसते. मग तुम्ही तिला ओसरीत भिंतीला टेकवून बसवलंत, फ्लॅश मारलात, आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर तिचे मिटलेले डोळे उघडलेत. लोकांच्या घरच्या मयतीचे असे फोटो तुम्ही पुष्कळ केले होते, हात बसलेला होता. डोळे घेतलेत वडनेरच्या एका नवरीचे, मीच नुकत्याच काढलेल्या अल्बममधून. काजळ भरलेले, हसरे. इतकी वर्षं मी त्या परक्या डोळ्यांना हार घालते. किळस येते मला, स्पष्टच सांगते.

म्हणून तुमचा फोटो मी मिटल्या डोळ्यांचाच लावला. लोक म्हणतात, "काऊन वं, आता तं दोन मिनिटांचं काम आहे, उघडून टाक ना डोळे." मी म्हणते, राहू द्या, उघडे होते तेव्हाही त्यांना घरातलं काही दिसलं नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा रोज हेच ऐकवलं तुम्हाला. चमच्यानं पेज भरवता भरवता विचारायची, आईचा एक फोटो काढला असता तर काय बिघडलं असतं? तुम्ही तोंड फिरवायचात. एकदा तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते टॉवेलनं पुसलं आणि परत तेच विचारलं. तुम्हाला बोलता येत नव्हतं हे मला माहीत होतं. बरं वाटायचं मला, बाबूजी.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, स्टुडिओच्या खणात जुन्या निगेटिव्हखाली जाईल. पण एक सांगायचं राहिलं. आईनं दुसऱ्यांदाही विचारलं होतं. तुम्हाला नाही, मला. तुमचा तो डिजिटल माझ्या गळ्यात, फिल्मचा खर्च नाही, आणि ती तव्यासमोर बसलेली. "तू तरी काढतं काय वं माहा फोटो?" मी अगदी तुमच्याच तोऱ्यात म्हटलं, "इथं दाणे येतात, आई. अंगणात येजो."

तेरवीच्या दिवशी शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "तुई माय त्या दिवशी तोंड धुऊन, नवं लुगडं नेसून अंगणात उभी होती. मी म्हटलं, काऊन उभी वं उन्हात? तं म्हणे, पोरगी फोटो काढून राह्यली. तो फोटो दाखव ना मले." तुम्ही शेजारीच बसला होता, मी पत्रावळ्या उचलायला उठले. त्या दिवशी दारात जीप आली होती. आई अंगणात आली तोवर मी त्या जीपमधून वडनेरला, त्या नवरीचे फोटो काढायला निघून गेले होते.