नऊ व्होल्टची बॅटरी

बाबा, काल नागपूरला जाऊन नवीन बास गिटार घेतली. जुनीची नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, वाकली होती, कुठेही बोट ठेवलं तरी तार खडखडायची. दुकानदार मला समजावून सांगत होता, की पॅसिव्ह गिटारमध्ये तारांचा आवाज जसाच्या तसा वायरीतून बाहेर जातो, बॅटरीची भानगड नाही. अ‍ॅक्टिव्हमध्ये आत छोटं सर्किट असतं, ते बॅटरीवर चालतं, आणि आपला आवाज गिटारवरच हवा तेवढा चढवता येतो.  हेच भांडण आपल्या स्वयंपाकघरात किती वर्षं चाललं, ते त्याला काय माहीत.

तुम्ही ओट्याला टेकून चहा पिताय, आई भाकरी थापतेय, आणि तुम्ही सांगताय की बोटांत दम नसला की माणसाला बॅटरी लागते. तुमची पॅसिव्ह गिटार तुम्ही आपल्या गायन पार्टीत इतकी वर्षं वाजवली, मी तिच्यावरच शिकले. पुढे तुम्ही पेटीवर बसलात, गिटार माझ्या गळ्यात आली, आणि पुढे माइकवर दादा. सगळ्यांचा आवाज कमी-जास्त करणारा मिक्सरवाला तुमच्या इशाऱ्यावर चालायचा. दादाचा आवाज चढायचा, ढोलकी चढायची, माझा बास मात्र कधीच नाही. मी दोनदा सांगितलं, तुम्ही हसण्यावारी नेलंत. म्हणून नोकरी लागल्यावर मी अ‍ॅक्टिव्ह घेतली. मला माझा आवाज माझ्या हातात हवा होता, एवढंच.

मग वडनेरचा जयंतीचा कार्यक्रम. अजून उजेड होता, मैदान भरलं होतं, आई पहिल्या रांगेत बसली होती. दुसरं गाणं संपतं आणि दादाचा कॉर्डलेस माइक बंद पडतो, आतली नऊ व्होल्टची बॅटरी संपलेली. वायरवाला माइक तिथेच स्टँडवर होता, पण दादाला फिरून गायची सवय. तुम्ही पेटीवरून उठलात, सरळ माझ्याकडे आलात, गळ्यातली गिटार उलटी केलीत आणि मागचं झाकण नखानं उघडून तसलीच बॅटरी दादाच्या माइकसाठी काढून घेतलीत. मी म्हटलं, बाबा, हिच्याशिवाय माझी गिटार वाजत नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बास कोन ऐकते वं? तू नुसती बोटं चालवत राह्य."

तुम्ही स्वतः बास वाजवणारे, बाबा. दुसरं कुणी बोललं असतं तर मी गिटार खाली ठेवून निघून गेले असते. पण मी बोटं चालवली. सगळा कार्यक्रम. मुक्या गिटारवर एकही सूर चुकू दिला नाही, याचाच आज जास्त राग येतो. शेवटी गावातले एक जण येऊन तुम्हाला म्हणाले, पोरगी मस्त वाजवते राजेहो. तुम्ही मान डोलावलीत आणि माझ्या वतीनं त्यांचे आभार मानलेत. गाडीत बसल्यावर वर मलाच ऐकवलंत, "म्या सांगतलं होतं तुले, पॅसिव्ह घेजो म्हणून."

तुम्ही गेलात, पार्टी मोडली, दादानं गाणं सोडलं. मी आता बायकांच्या पार्टीत वाजवते, इथे आर्वीकडे, कधी कारंज्याला. आमचा मिक्सरवाला मला विचारून बास ठेवतो. तुमचा स्मृतिदिन म्हणा, पुण्यानुमोदन म्हणा, दरवर्षी सगळे जमतात आणि बाबांनी पोरीला वाद्य शिकवलं म्हणून तुमचं कौतुक करतात. शिकवलंत हे खरं आहे. मी मान डोलावते, तुमच्यासारखीच, आणि आतून जळते.

काल मी पॅसिव्ह घेतली. दादाला कळलं तर म्हणेल, शेवटी बाबांचंच ऐकलं. तसं नाही. तुमच्या सांगण्यावरून घेतली नाही आणि तुम्ही पॅसिव्हच्या ज्या गोल आवाजाचं कौतुक करायचात, त्यासाठीही नाही. भर कार्यक्रमात कुणी काढून नेईल असं तिच्यात काही नाही, म्हणून घेतली.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. दुकानातून निघताना नऊ व्होल्टची एक नवी बॅटरीही घेतली. माझ्या गिटारला ती लागत नाही. पण आमच्या गाणारीचा माइक कॉर्डलेस आहे.