सायकल विकणार नाही, नाना

सोनगीर,
रविवार सकाळ

तीर्थस्वरूप नाना यांस,
धाकट्या बहिणीचा, कामिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुमचं गुडघ्याचं औषध चालू असेल, चाळीसगावचं ऊन जरा उतरलं असेल आणि परवा फोनवर माझ्यावर ओरडून चढलेलं ब्लडप्रेशरही उतरलं असेल, अशी आशा करते. पन्नाशी उलटलेल्या बाईने टेकडीवर सायकल चालवायची नसते, उद्याच्या उद्या विकून टाक, असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. माझं ऐकून घेतलं नाहीत, म्हणून हे पत्र. पत्र मधेच ठेवता येत नाही. (येतं म्हणा, पण तुम्ही ठेवणार नाही. रुपचंदभाऊंचं नेमकं काय झालं ते तुम्हाला हवंच असणार.)

मुळात ही सायकल ह्यांची. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ह्यांनी जाड टायरची, गिअरची सायकल आणली, दोन दिवस चालवली आणि मग तिच्यावर टॉवेल वाळत घालायला लागले. मी टॉवेल काढला आणि किल्ल्यामागच्या टेकडीची पायवाट धरली. सुरुवातीला सायकलने मला नेलं त्याहून जास्त मीच तिला ढकलत नेलं. पण एकदा वर पोचले, खाली हायवेवरचे ट्रक काड्यापेटीएवढे दिसले आणि लक्षात आलं, की घरातून कुणी हाक मारली तरी इथे ऐकू येणार नाही. नाना, लग्नानंतर प्रथमच मला इतकं मोकळं वाटलं. ते मी कुणाच्या सांगण्यावरून परत देणार नाही.

आणि मी बेफाम चालवते हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्या वाटेवर फिरायला येणारे असतात, मोळी आणणाऱ्या बाया असतात, भिकुबाईच्या शेळ्या असतात. मी हेल्मेट घालते (डोक्यावर टोपली पालथी घातल्यासारखं दिसतं, मान्य), उतारावर वेग आवरते, वळणाआधी घंटी वाजवते आणि चढून येणाऱ्याला आधी वाट देते. चढणारा एकदा थांबला की त्याला पुन्हा पहिल्यापासून जोर लावावा लागतो, हे मला सायकल ढकलून ढकलून कळलंय.

त्या दिवशी उतरताना शेळ्या आडव्या आल्या. मी ब्रेक लावले, घंटी वाजवली, शेळ्या बाजूला झाल्या, मी हळूच पुढे गेले. इथवर माझं काय चुकलं सांगा. पण कळपाच्या म्होरक्या बोकडाच्या गळ्यात अगदी तशाच आवाजाची घंटी. शेळ्यांना वाटलं, बोकड पुढे निघाला! अख्खा कळप माझ्या मागे सुटला. मी वेग वाढवला, तर त्यांनीही वाढवला. (वळून पाहिलं तर खुद्द बोकडही धावत होता. त्याला काय वाटलं, देव जाणे.) तेवढ्यात समोरून रुपचंदभाऊ त्यांच्या रोजच्या फेरीला चढत आले. पांढरी पँट, दोन्ही कानांत भजन आणि चाल वाटेच्या बरोबर मधोमध. चढणाऱ्याला वाट द्यायची म्हणून मी सायकल कडेला घेतली, उतरले, उभी राहिले. शेळ्यांना हा नियम कुणी शिकवलेला नव्हता. त्या सरळ गेल्या. भाऊ मागे सरत सरत निवडुंगावर बसले. सावकाश, पाहुण्यासारखे.

संध्याकाळी पारावर माणसं जमली. भाऊ उभे होते (बसणं शक्यच नव्हतं). टेकडीवर सायकल बंद झालीच पाहिजे, म्हणाले. आज मी आहे, उद्या एखादा म्हातारा असेल. (भाऊ सत्तरीचे आहेत.) ह्यांनी माझा पदर ओढला, म्हणजे गप्प बस. मी उठले.

"भाऊ, माझं चाक तुम्हाला लागलं का?"

"नाही."

"मी थांबले होते ना?"

"थांबली होतीस. पण शेळ्या तुझ्या मागे होत्या, म्हणजे तुझ्याच!"

हे ऐकून भिकुबाई ताडकन उठली. "तिन्या नही, मन्या शेतस! तिनी घंटी वाजाडी म्हनीसन पयन्यात. बाई, आते घंटी नको वाजाडू, तोंडघाई वरड. पन वाट बठ्ठास्नी शे."

शेळ्या तिच्या आणि वाट सगळ्यांची, तर मग शेळ्याही बंद करायच्या का, असं कुणीतरी विचारलं. भिकुबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो विषय तिथेच संपला. शेवटी भाऊच म्हणाले, मी एक कान मोकळा ठेवतो, तू घंटी काढ. घंटी मी तिथल्या तिथे काढून दिली. सायकल दिली नाही. आता वळणावर "आले, आले" असं ओरडत उतरते. गावात मला आलेबाई म्हणायला लागलेत. म्हणू देत.

तेव्हा नाना, तुमच्या पाया पडते, पण सायकल विकणार नाही.

तुमची हट्टी,
कामिनी

ता. क. अक्षर वेगळं दिसतंय ना? मी सांगतेय, लिहिताहेत हे. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. टेकडीवर काही झालेलं नाही. काल ओट्यावर सायकल पुसताना स्टँड सटकला. (ओट्यावर नको, असं मी म्हटलं होतं. – हितेंद्र) हा कंस मी सांगितलेला नाही.

आणखी एक ता. क. प्लास्टर निघेपर्यंत सायकल नुसती उभी राहणार. म्हणून वहिनींना पंधरा दिवस इकडे पाठवा. माझ्या मदतीला, असं समजा. परवा तुम्ही फोन ठेवल्यावर लगेच त्यांचा आला होता, गच्चीवरून, हळू आवाजात. सलवार चेनमध्ये अडकते का, विचारत होत्या.