बाबांची सदतीस प्रकरणं

प्रिय खटपट्या,

अक्षर ओळखलं असशील तर पत्र लगेच फाडू नकोस, आधी वाच. आठ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता गळ्याशी आल्यावर लिहितेय. माझ्यात लाज म्हणून काही आहे की नाही, ते नंतर विचार.

बाबांना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून सात वर्षं झाली, आणि तेव्हापासून ते पुस्तक सांगताहेत, भिंतीवरच्या जुन्या घड्याळांच्या दुरुस्तीचं. सकाळी दहा ते बारा ते सांगतात, मी टाइप करते. मध्ये मला पाणी प्यायलाही उठू देत नाहीत, तुला त्यांचा खाक्या माहीत आहेच. सदतीस प्रकरणं झाली. सगळी तू केलेल्या टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये. दुकान चालवणार नाहीस म्हणालास तेव्हा त्यांनी तुला घराबाहेर काढलं, पण तुझा प्रोग्रॅम काही काढू दिला नाही. प्रकाशक म्हणाले, सगळे वापरतात तो घ्या, तर बाबा म्हणाले, "ह्याला काय झालंय?" तुझं नाव मात्र घेतलं नाही. ह्या घरात ते कुणीच घेत नाही.

तीन महिन्यांपूर्वी कॉम्प्युटर जळला. फायलींच्या प्रती माझ्याकडे आहेत, तेवढी काही मी वेंधळी नाही. पण नवीन कॉम्प्युटर तुझा प्रोग्रॅम चालवायलाच तयार नाही, आणि दुसऱ्या कशातही फाइल उघडली की नुसते चौकोन, प्रश्नचिन्हं, मधूनच एखादा आकडा. चार प्रोग्रॅम लावून पाहिले. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, जो तो आपल्याच पद्धतीनं साठवतो. सगळ्यांनी मिळून एक पद्धत धरली असती तर तुमच्यावर ही वेळ आली नसती. हा ज्यानं केलाय त्यालाच बोलवा." मी म्हटलं, तो आमच्याशी बोलत नाही. त्याला वाटलं मी प्रोग्रॅमबद्दलच बोलतेय, तो हसला.

आता ऐक. नवं प्रकरण सुरू करायच्या आधी बाबा जुनं एक वाचून घेतात. त्या पहिल्या दिवशी माझ्यासमोर पडदाभर चौकोन, आणि बाबा हात मांडीवर ठेवून वाट बघत बसलेले. माझ्या तोंडून खरं निघेना. सात वर्षं गेली, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून मी आठवणीतून वाचल्यासारखं केलं. बाबा म्हणाले, "छान." मी सुटले असं वाटलं. मग रोजच तसं करत गेले. जे आठवेना ते जुळवून सांगितलं. मला घड्याळातलं काय कळतं रे? सात वर्षं बोटं चालली, डोकं नाही.

एका सकाळी मी वाचलं, आधी घड्याळाच्या यंत्राचे पत्रे उघडावेत आणि मग स्प्रिंगचा ताण उतरवावा. बाबा ताडकन उठले. "हे मी सांगितलं? अगं, ताण न उतरवता उघडलं तर माणसाचं बोट जाईल!" मी कबूल करायला हवं होतं की हे माझं आहे, तुमचं नाही. मी म्हटलं, इथे असंच लिहिलंय, बाबा. ते खाली बसले आणि कितीतरी वेळ हाताची बोटं चोळत राहिले.

त्या दिवसापासून त्यांची खात्री झालीय की त्यांचं डोकं कामातून गेलंय. सांगता सांगता थांबतात आणि विचारतात, "हे बरोबर आहे ना गं?" ज्या माणसानं नुसत्या आवाजावरून घड्याळाचं दुखणं ओळखलं, तो माणूस, खटपट्या! परवा स्वतःच प्रकाशकांना फोन करून म्हणाले, पुस्तक राहू द्या, माझा भरवसा नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानानं स्मरणशक्ती उत्तम आहे. ते बाबांना पटत नाही, कारण पुस्तकात काय आहे ते मी त्यांना वाचून दाखवलंय.

आणि आता जे लिहायचं टाळत होते ते. तीन वर्षांपूर्वी तू पाकीट पाठवलं होतंस. वर लिहिलं होतंस, "नवा प्रोग्रॅम आहे, ह्यात साठवलेलं कुठेही उघडेल, माझ्याच पद्धतीनं साठवायच्या हट्टापायी बाबांचं काम अडकायला नको." ते मी न उघडता परत पाठवलं. बाबांना सांगितलंसुद्धा नाही. तुझ्यावर राग होता हे खरं, पण अर्धंच. पुस्तक कुठेही उघडायला लागलं असतं तर प्रकाशकांनी त्यांचा टाइप करणारा पाठवला असता. एरवी ह्या घरात मला कोण विचारतं? त्या दोन तासांत बाबांचं पान माझ्यावाचून हलत नव्हतं. मला ते हलायला नकोच होतं.

ते पाकीट अजून असेल तर घेऊन ये. नसेल तर तुझ्या हातांनी काहीतरी कर, पण पोस्टानं पाठवू नकोस, स्वतः ये. मी त्यांना सगळं सांगणार आहे, पण माझ्या नुसत्या शब्दावर आता त्यांचा विश्वास बसणार नाही. त्यांचं खरं वाक्य कुणीतरी पडद्यावरून त्यांना वाचून दाखवायला हवं, आणि ते कुणीतरी मी असून चालणार नाही. काल सकाळी मी त्यांच्या सदऱ्याची बटणं लावत होते, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "मला दोन मुलं ना गं? एक मुलगा होता ना?" मी म्हटलं, हो बाबा, आहे. त्यांनी माझा हात थोपटला आणि म्हणाले, "राहू दे. माझं मन राखायला म्हणत असशील."

तुझीच,
ताई