हेमकांत मामांचे अकरा नियम

तोरणमाळ, १२ ऑगस्ट २०२४

ती. स्व. हेमकांत मामांस,
भूमिकाचा सा. न. वि. वि.

इथे शाळेत मुलं मजेत, मी मजेत. फोनला रेंज नाही, आणि असती तरी हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं.

माझी कथा मी तुम्हाला वाचायला दिली होती, वाचून दाखवायला नव्हे. लोणखेड्याच्या तुमच्या कथालेखन शिबिरात तुम्ही ती चाळीस जणांसमोर ‘कसं लिहू नये’ याचा नमुना म्हणून वाचलीत. लेकीची कथा भाऊ वाचणार असा तुमचाच निरोप आला, म्हणून आई घडीची साडी नेसून सारंगखेड्याहून बसने आली होती. आमचे नाना गेले, आई एकटी पडली, तेव्हाचं सगळं तिनेच मला सांगितलं होतं, आणि मी तिच्याच शब्दांत उतरवलं होतं. माले रडू ई ऱ्हायनं, मी कोनले सांगू, या तिच्या वाक्यावर तुम्ही थांबलात आणि म्हणालात की रडू आलं असं सांगणारी कथा तिथेच मरते. सगळे हसले. तुम्हीही हसलात.

तेव्हापासून आई नानांबद्दल एक अक्षर काढत नाही. विचारलं तर म्हणते, माझं बोलणं हसण्याजोगं आहे. मामा, तुम्ही तिची माफी मागा. नाही मागितलीत तर मी हे सोडणार नाही. डूख धरायला मी आजोळीच शिकले.

मामींना नमस्कार. लोभ अजून आहे, तो टिकवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

भूमिका

लोणखेडा, २५ ऑगस्ट

चि. भूमिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राग नाकावर ठेवून लिहितेस, पण अक्षर सुरेख. अगं, मी कथेला हसलो. जसोदा माझी धाकटी बहीण, तिला हसेन का? केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापली नाहीत तर घड पोसत नाही, हे शेतकऱ्याच्या पोरीला मी सांगावं? माझे अकरा नियम म्हणजे तो विळा. भावना सांगायची नाही, दाखवायची. बोली संवादापुरती. लेखकाने मध्ये तोंड घालायचं नाही. निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं हेच शिकवलं, आणि पोरं लिहिती झाली. माफीबिफी कसली? जसोदा रुसली असेल, भाऊबीजेला येईल आपसूक.

दिवाळीच्या आमच्या स्पर्धेला नियमांत बसणारी एक तरी कथा लिहून दाखव. आमच्या चिरंजीवांचं, भूपेंद्रचं, लग्न डिसेंबरात ठरलंय, आठ दिवस आधी ये.

मामावर राग थोडा आणि माया जास्त असू दे.

हेमकांत

तोरणमाळ, ८ सप्टेंबर

प्रिय प्रतिभा,
स. न. वि. वि.

तुझ्या पप्पांना नियम हवेत ना? घे. सोबत कथा आहे, ‘सुनिता, धडगाव’ या नावाने. स्पर्धेच्या कथा तूच गोळा करतेस, तेव्हा ही गुपचूप गठ्ठ्यात सरकव. एक मास्तर, त्याची विधवा बहीण, आणि भरल्या सभेत त्याने केलेली तिच्या दुःखाची थट्टा. अकराच्या अकरा नियम पाळलेत. दुष्ट हा शब्द नाही, राग हा शब्द नाही, मास्तर नुसता चष्मा पुसतो. मामा पहिला नंबर देतील आणि दरवर्षीसारखी मंचावरून स्वतःच वाचतील. अर्ध्यात आल्यावर त्यांना कळेल की हे कोणाबद्दल आहे. तेव्हाचा चेहरा बघ आणि मला कळव. मला त्यांची चारचौघांत फजिती हवी आहे, तुझ्यापासून कशाला लपवू?

तुझे वडील आहेत, ठाऊक आहे. पण आत्याही तुझीच आहे ना.

माया कमी करू नकोस.

भूमिका

लोणखेडा, ५ नोव्हेंबर

प्रिय भूमिका,
स. न. वि. वि.

पहिला नंबर मिळाला. पप्पांनी कथा शेवटपर्यंत वाचली. चेहरा नीट बघितला, त्यावर निव्वळ समाधान होतं. मास्तर किती कोरडा माणूस, पण लेखिका तसं एकदाही म्हणत नाही, म्हणाले, असे लोक आपण सगळ्यांनीच पाहिलेले असतात. लोकांनी माना डोलावल्या. ओळखलं कोणीच नाही, बाई. तू इतकं छान दाखवलंस की कोणालाच दिसलं नाही.

आत्यालाही मी आणलं होतं. तीही टाळ्या वाजवत होती. बाहेर आल्यावर मला विचारते, ही गोष्ट कोणाची? मला राहवेना, सांगून टाकलं. तर आत्या म्हणाली, नावच नही लिधं ते गानं कसानं? लग्नात व्याह्याला शिव्यांची गाणी गातो ती नाव घेऊन. नाव टाळलं तर व्याही शेजाऱ्याला समजून हसत बसतो. मग विचारलं की भूपेंद्रच्या सासरी चांगलं गाणाऱ्या बाया कोण आहेत. विचारताना हसत होती गं, ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

मला यात ओढलंस, आता सांभाळूनही घे.

प्रतिभा

लोणखेडा, १९ डिसेंबर

चि. भूमिकास,
आशीर्वाद. अनेक उत्तम म्हणायची आज इच्छा नाही.

मांडवात तू होतीस, तोंडाला पदर लावून हसत होतीस. नवरीकडच्या बायका गायला बसल्या, त्यात माझी सख्खी बहीण! नवऱ्याच्या आत्याने नवरीकडून गावं, हे कुठल्या रीतीत बसतं? हेमकांत मास्तर, असं नाव घेऊन सुरुवात. बहिणीच्या रडण्याला चाळीस जणांत हसलास, आता चारशे जणांत ऐक. विहीणबाई टाळ्यांचा ठेका धरत होत्या. गाणं संपेपर्यंत पानावरून उठायचं नाही ही रीत, म्हणून बसून राहिलो. डाळबट्टी गार झाली. गाण्यात माझा एकही नियम पाळलेला नव्हता. सगळ्या मांडवाला समजलं, मलाही समजलं. सुनिता कोण ते प्रतिभाने नंतर सांगितलं.

जसोदाला एक साडी आणि केळीचा घड पाठवला आहे. काय समजायचं ते ती समजेल. आता हे पुरे कर.

हेमकांत

सारंगखेडा, २ जानेवारी २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

सुट्टीत घरी आले आहे. आई नानांबद्दल पुन्हा बोलायला लागली, काल जेवताना तासभर बोलली. मी सगळं लिहून घेतलं, तिच्याच शब्दांत.

साडी या पत्रासोबत परत पाठवली आहे. केळी पिकली होती, ती ठेवून घेतली. आईचा निरोप असा, की साडी दाखवून मागितलेली माफी तिला कळत नाही, भावाने तोंडाने सांगावं. तुमच्या पुढच्या शिबिराला ती येणार आहे. सगळ्यांसमोर उभं राहून म्हणा की जसोदा, मी तुझ्या रडण्याला हसलो, माझी चूक झाली, मला वाईट वाटतं. याच शब्दांत, सूचकबिचक काही चालणार नाही.

मार्चमध्ये प्रतिभाचं लग्न आहे. या वेळी आई नवऱ्याकडच्या बायकांत बसेल. गाणं रचून झालंय, पहिल्यापेक्षा लांब आहे.

लोभ वाढवायला अजून दोन महिने आहेत.

तुमचीच भाची,
भूमिका