वाहत्या नळाला पाना

तीर्थरूप मामांस,
भाच्याचा साष्टांग नमस्कार (प्रत्यक्षात सातच अंगांचा, एका हाताला सलाईन आहे). तुमची तब्येत ठणठणीत असेल, मामींचे गुडघे कुरकुरत नसतील. फोनच केला असता, पण दवाखान्याचं नाव काढलं की तुमच्या फोनची रेंज जाते, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

मामा, आपल्या दोघांचे मुतखडे मागेपुढेच निघाले. चीर नाही, टाका नाही. लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून लेझरनं खड्याचा चुरा, आणि दुसऱ्या दिवशी घरी. निघताना डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही बजावलं होतं, की मूत्रपिंडापासून खाली एक बारीक नळी ठेवली आहे, ती दिलेल्या तारखेला काढायला या. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "वाहत्या नळाला पाना लावू नये. पुन्हा यायला लावायचे धंदे सगळे!" आता ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं, त्यांच्यापुढे डॉक्टरीणबाईंची काय कथा! (त्यांनी जन्मात एक तरी गळकी टाकी बंद केली आहे का?) मीही गेलो नाही. पाणी झकास वाहत होतं.

परवा एका गिऱ्हाइकाच्या मोरीत वाकलो होतो, तेवढ्यात हुडहुडी भरली. दात असे कडकडा वाजायला लागले, की घरमालकीणबाई पंपाला काय झालं ते बघायला धावल्या. कमरेत कळ, अंगात फणफणता ताप. बायकोनं रिक्षात कोंबून इथे आणलं. फोटोत नळीवर क्षाराचा थर दिसला, अगदी जुन्या गिझरच्या कॉइलवर चढतो तसा. नुसती ओढली तर आतली वाट फाटेल, ठेवली तर मूत्रपिंड जाईल. म्हणून आधी ताप उतरवायचा, मग थर लेझरनं फोडायचा, मग नळी काढायची. मूत्रपिंड किती वाचलं ते त्यानंतर कळणार. मी भीतभीत विचारलं, नवा पार्ट मिळतो का? डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मामा, मला फार भीती वाटते आहे.

तरी तुमचं चुकलं असं म्हणायची माझी छाती नाही. तुमचा नियम इमारतींना तंतोतंत लागू आहे. बाकी सर्व क्षेम.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. तुमची नळी अजून आतच आहे, आणि ती माझ्याआधीची आहे. काही दुखत नाही म्हणाल, तर परवा सकाळपर्यंत मलाही दुखत नव्हतं. आजच निघा.

आणखी एक ता. क. तुम्ही हे वाचून, घडी करून, खिशात घालाल हे ओळखून पाकिटावर नाव मामींचं घातलं आहे. मामी, नळीचं त्यांनी तुम्हांला सांगितलं नसणारच. आता त्यांना एकदम कुणाचा तरी तुंबलेला नळ आठवेल. दाराला कडी घाला आणि रिक्षा बोलवा. बोलायचं ते रिक्षात बोला. मला मामा एकच आहे. शेजारची खाट रिकामी आहे, मी रुमाल टाकून जागा धरली आहे.