डायनॅमोतली जाळ्याची गाठ

बा, तुझी मला किळस आली आहे, हे आधी सांगते. नात लिहून घेते आहे. ती म्हणाली, "आजी, मेलेल्या माणसाला कुणी असं लिहितं का?" म्हटलं, तो जिवंत होता तेव्हा बोलायची सोय नव्हती, आता कशाला थांबू? लिही.

माझ्या थोरल्याचं करंजाड्याला गॅरेज आहे. तुझ्यासारखंच गाड्यांच्या वायरिंगचं काम, पण तो फक्त जुन्या गाड्या घेतो. तुझ्या काळी ज्या भंगारात निघाल्या, त्या आता पैसेवाले लोक लेकरासारख्या पुसतात. आपटा गावाच्या बाजूला बंगला बांधलेले एक साहेब आहेत, त्यांची काळी गाडी आली. पुण्याला अशा गाड्यांची स्पर्धा असते म्हणे. बॉनेट उघडून बघतात, आतला माल कंपनीचा असेल तर मार्क जास्त. थोरल्यानं डायनॅमो खोलला आणि साहेबांना म्हणाला, "आतलं आर्मेचर थकलंय. तसाच दिसणारा नवा डायनॅमो मिळतो, तो बसवू." साहेब म्हणाले, "नाही. ओरिजिनल आहे, तोच राहू दे. आजवर कुणी उघडलेला नाही."

मी बाजूला वाल सोलत बसले होते. ते आर्मेचर, तांब्याची तार गुंडाळलेला तो गोळा, त्यांनी धुतलेल्या टॉवेलवर ठेवलं होतं. माझ्या डोक्याखाली कधी इतका स्वच्छ टॉवेल आला नाही. जरा वाकले तर साहेब म्हणाले, "आजी, हात नको लावू. कंपनीचं काम आहे, असं काम आता होत नाही."

बघते तर तारेच्या वेटोळ्यांवरचा दोरा जाळ्याचा. मामाच्या होडीवरचा, झाडाच्या सालीच्या रंगात बुडवलेला. आणि गाठ आईनं मला शिकवलेली, जाळं विणायची. सातासमुद्रापलीकडच्या कंपनीत आमच्या खाडीची गाठ कोण मारणार?

डोळ्यांपुढं आलं, मी लहान आहे, तुझं दुकान घाटाच्या वाटेवर आहे. मुंबईच्या गाड्या चढण लागायच्या आधी थांबतात. मागच्या पडवीत मी बसले आहे, मांडीवर आर्मेचर. तुझी बोटं जिथं जात नाहीत तिथं माझी जातात. बाकीची पोरं पाटी घेऊन गेली आहेत. माझं शाळेचं वय त्या तांब्याच्या तारेत गेलं. पुढं टोपीवाला गिऱ्हाईक विचारतो, "आतलं कंपनीचंच आहे ना?" तू म्हणतोस, "व्हय साहेब, आमी उगडलाच नाय." मी आतून ओरडते, "खोटं, मी बांदलाय त्यो." तू आत येऊन कानाखाली मारलीस आणि बाहेर जाऊन म्हणालास, "येडी हाय पोर." संध्याकाळी जिलबी आणलीस आणि समजावलंस, "पोरीच्या हातचं हाय म्हटलं तर गाडी ढकलत नेतील, पन आपल्या दारात ठेवनार नाय." जिलबी मी खाल्ली नाही असं लिहायला बरं दिसलं असतं. खाल्ली. दोन जास्त मागितल्या.

तर त्या आर्मेचरवर मी नख लावलं. वरचं रोगण भाताच्या खरपुडीसारखं निघून आलं, खाली तार उघडी. घाट चढताना ते पेटलं असतं. साहेब मागच्या सीटवर दोन नातवंडं बसवून पुण्याला जाणार होते. गप्प बसणं शक्य नव्हतं. आणि बोलायचं म्हणजे तुला चोर म्हणायचं. थोरला रोज तुझ्या फोटोला उदबत्ती लावून शटर वर करतो. "आमच्या आजोबांनी गिऱ्हाइकाशी कधी खोटेपणा केला नाही," हे येणाऱ्या प्रत्येकाला चहाआधी ऐकवतो.

मी म्हटलं, "ह्ये कंपनीचं नाय. माजं हाय."

साहेब हसले. डायनॅमोवरच्या पितळी पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "आजी, इथं नाव कोरलंय. वाचता येतं का?"

"नाय येत. तुमाला गाठ वाचता येते?"

दोरा मागितला. पान्याच्या दांड्यावर तीच गाठ मारली आणि टॉवेलवर ठेवली, त्या आर्मेचरशेजारी, त्यांचा देवच तो. साहेबांनी चष्मा लावला. पान्यावरची गाठ आणि आर्मेचरवरची गाठ ताडून बघितली.

"म्हणजे फसवलं मला?"

"तुमाला नाय. तुमच्या आदी ज्याची गाडी व्हती त्याला. फसवनारा त्यो बगा, हार घातलेला."

थोरल्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पान्यावरची गाठ सोडवून टाकली. मग म्हणाला, "नवाच बसवतो, साहेब."

मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांची घाण एकदाची बाहेर पडली. साहेब गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "नवा बसवा. पण नवा दिसता कामा नये, मार्क जातील. ती पट्टी त्याच्यावर लावा." आणि माझा पोरगा म्हणाला, "होऊन जाईल साहेब, कुणाला कळणार नाही." तुझाच आवाज, बा. सोललेले वाल तसेच टाकून उठले.

नात विचारते, पाकिटावर काय लिहू. म्हटलं, पाकीट कशाला? कागद पिठाच्या डब्याखाली सार. पण आधी एवढं लिही.

दुपारी थोरला त्या नव्या डायनॅमोला बूटपॉलिश चोळत होता. लग्नातल्या बुटासारखा चकाकत होता तो. आंधळ्यालाही कळलं असतं. मी दोनदा उठून आत गेले, दोनदा परत आले. मग म्हटलं, "चिमणीची काजळी घे, थोडं एरंडेल घाल, वर चुलीतली राख. आणि फडकं नको, गोणपाट घे."

तो म्हणाला, "हे तुला कुणी शिकवलं?"

तुझ्या पडवीत शिकले, हे त्याला कुठं सांगू? त्याच्या हाताला ते जमेना, म्हणून गोणपाट मीच घेतलं. छान बसलं, बा.