दोन जागांमधली फळी

ह्यूस्टन
रविवार, १२ नोव्हेंबर

बाळ मिशारी,

अस्सलामु अलैकुम. घरी सगळे खुशाल असाल.

हे पत्र मला लिहावं लागतंय, कारण पाच दिवसांत तू अकरा वेळा फोन केलास आणि अकराही वेळा मी, तुझी आत्या, तुझ्याशी खोटं बोलले. फोन येतो तेव्हा तुझे वडील समोरच्या खुर्चीत बसलेले असतात. निरोप टाकावा तर आपल्या घरच्या गटात एकोणचाळीस माणसं आहेत, आणि तुझा फोन तुझ्या आधी तुझी धाकटी लेक उघडते. येत्या मंगळवारी आपल्या ओळखीचे बू नासिर इथून कुवेतला परत निघालेत. पाकीट बंद करून त्यांच्या हाती देते. एकटा असशील तेव्हा वाच. आईला काय सांगायचं ते वाचून झाल्यावर ठरव.

आधी इथली हकिकत. जागा स्वच्छ आहे, दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर. रुग्णालय चालत सात मिनिटांवर. तुझे वडील जेवतात, थोडं जेवतात पण जेवतात. थंडी फारशी नाही. तुझ्या आईने दिलेले खजूर संपले, कारण माझा हा भाऊ, यूसुफ, ते खालच्या पहारेकऱ्याला रोज मूठभर देतो. त्याचं वजन मी करत नाही, आणि कुणी करायला सांगितलं तर तो काट्यावर चढत नाही.

आता विमानाबद्दल. पहिल्या वर्गाची तिकिटं काढलीस, शाबासकीची वाट बघत असशील. मिळणार नाही.

दुबईला विमान बदललं आणि तिथून पुढे सोळा तास. त्या भागात जागा आठ. माणसं आम्ही दोघं, आणि खिडकीकडे एक गृहस्थ, जो बसताक्षणी डोळ्यांवर पट्टी बांधून झोपला तो उतरेपर्यंत. प्रत्येक जागेला सरकतं दार, आत कपाट, आरसा, पलंग. आमच्या जागा मधल्या, एकमेकींना लागून. दोन्हींच्या मध्ये एक फळी होती. बटण दाबलं की वर जायची, दाबलं की खाली यायची. सोळा तास मी त्या फळीशी झगडले.

यूसुफने आत शिरताच दार लावून बघितलं, उघडून बघितलं. मग मला म्हणाला, "मोठ्या बाई, बघा! आपल्याला कोंडून घालायची काय छान सोय केलीय पोरांनी."

मी म्हटलं, "गप्प बस आणि पट्टा लाव."

"शाळा सुटून सात वर्षं झाली तरी आवाज तोच."

मारिसेल नावाची फिलिपिनो मुलगी आमच्या दिमतीला होती. बोलायचं असलं की गुडघ्यांवर बसायची, म्हणजे आपल्याला मान वर करावी लागू नये. कॉफी दिली, खजूर दिले, झोपायचे कपडे दिले. जेवणाच्या वेळी माझ्यापुढे कोकराचं मांस आणि भात, आपला मचबूस, आला, त्याच्यापुढे तीन वाट्या. पिवळी, हिरवी, पांढरी. सगळं वाटलेलं.

"हे काय?" त्याने विचारलं. "मला मचबूस हवा."

"मिस्टर यूसुफ, आपल्या घरून कळवलंय, सगळं मऊ द्यायचं."

"घरून म्हणजे कुणी?"

ती गोंधळली. मी तिला खुणेने जायला सांगितलं.

तुला फोनवर मी म्हणाले होते की वडिलांना संशय आला तो त्या मुलीच्या बोलण्यामुळे, आणि हात वर केले होते. ती मुलगी निर्दोष आहे. तिला या कशातलं काही ठाऊक नव्हतं. पुढचं नीट वाच.

संशय त्याला विमानात आला नाही. घरातच आला होता. "अल्सर आहे, अमेरिकेत चांगलं ऑपरेशन होतं," हे तुम्ही भावंडांनी ठरवलंत, मी मान डोलावली. कागद मी सांभाळायचे, डॉक्टरांना आधी मी भेटायचं, त्याच्या वतीने सही मी करायची. तसं अधिकारपत्र तू मला लिहून दिलंस. सगळं व्यवस्थित आखलं होतंत. आणि मग विमानतळावर तुम्ही जासिमला आणलंत.

समुद्राकाठच्या घराच्या भिंतीच्या भांडणावरून अकरा वर्षं ज्या चुलतभावाने तुझ्या वडिलांचं तोंड पाहिलं नाही, तो येतो, त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतो, "भावा, माझं काही चुकलं असेल तर माफ कर" म्हणतो आणि खांद्यावर डोकं ठेवून रडतो. मागे सगळं घराणं रांगेत उभं. प्रत्येकाने माफी मागितली. तुझ्या मेव्हण्यानेसुद्धा, ज्याला माफी मागण्याएवढी त्यांची ओळखही नाही. तुम्हाला वाटलं, हे चांगलं केलं.

वाट्या परत गेल्या आणि फळी खाली आली.

"बद्रिया, अल्सरसाठी जासिम रडतो का?"

"वय झालंय त्याचं. वय झालं की माणसं रडतात."

"माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे तो."

मी फळी वर केली. दोन मिनिटांत ती खाली आली.

"हजहून आलो तेव्हा मिशारी म्हणाला, बाबा, टॅक्सी करून या, मला बैठक आहे. त्याच मिशारीने मला या पलंगावर का झोपवलं?"

"मुलगा आहे. प्रेमाने केलं."

"प्रेम करायला त्याला एवढी कसली घाई झालीय?"

मी फळी वर केली. ती पुन्हा खाली आली. या वेळी तो नुसता माझ्याकडे बघत बसला.

मिशारी, तू त्या वर्गातून नेहमी जातोस, तुला कामाला आणि झोपेला तो सोयीचा वाटत असेल. मला विचार. मागच्या भागात तीनशे माणसं असतात. कुणाचं पोर रडतं, कुणी घोरतं, कुणाला उठून जायचं असतं म्हणून आपण पाय आवरतो. खोटं बोलायला गर्दी लागते. इथे कोणी नव्हतं. पाणी संपायच्या आधी पाणी यायचं. मी हात हलवला तरी ती मुलगी येऊन गुडघ्यांवर बसायची. मागून घेण्यासारखं काही उरलंच नाही, आणि उठून जायला जागा नाही. दुपार असताना त्यांनी खिडक्या बंद केल्या, छतावर बारीक चांदण्या लावल्या आणि रात्र केली. मी न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसले. तिथे फुलं ठेवलेली होती. वीस मिनिटांनी दारावर टकटक झाली. "मॅडम, आपल्याला काही हवंय का?" मी कडी काढली.

चौतीस वर्षं शाळा चालवली. कॉपी करणारी मुलगी मी पाठमोरी उभी राहून ओळखायचे. आणि त्या वेळी माझीच पर्स मी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते, कारण फाइल तिच्यात होती. यूसुफला ते दिसत होतं.

तो म्हणाला, "शुवैखच्या बंदरावर मी तीस वर्षं माल सोडला. कागद एकाच्या हातात आणि माल दुसऱ्याचा, असं असलं की मी सही करायचो नाही. विचारायचो, मालक कोण? त्याला पुढे आणा. बद्रिया, या मालाचा मालक कोण?" आणि त्याने आपल्या पोटावर हात ठेवला.

मी तुझ्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. तो मी तिथे मोडला. कुणाच्या बोलण्यामुळे कळलं नाही, कागद चुकून दिसला नाही. मी पर्स उघडली, फाइल काढली आणि फळीवरून त्याच्या हातात दिली.

त्याने चष्मा लावला. त्याला तेवढं इंग्रजी येतं. तीन ठिकाणी बोट ठेवून विचारलं, "हा शब्द?" मी तिन्ही वेळा सांगितलं. तिसरा सांगताना माझा आवाज नीट निघाला नाही. "स्पष्ट बोला, मोठ्या बाई," तो म्हणाला. मी स्पष्ट बोलले. अन्ननलिका, आणि यकृत. किती महिने, हे जिथे लिहिलं होतं ते पान त्याने स्वतःच वाचलं.

मग या वेळी फळी त्याने वर केली.

चार तास ती वर होती. मी बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला, किती वेळा ते सांगत नाही. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. पडद्यावर आमचं छोटं विमान पाण्यावरून सरकत होतं आणि पाणी संपत नव्हतं. मारिसेल येऊन त्याच्या दारातून आत डोकावून जायची, मी तिचा चेहरा बघायचे. अखेर मी विचारलं, काय करताहेत? ती म्हणाली, "मासेमारीचा कार्यक्रम बघताहेत, मॅडम."

उतरायला तास राहिला तेव्हा फळी खाली आली. त्याने तोंड धुतलं होतं, दाढी विंचरली होती.

"आपल्या आईला तिच्या शेवटच्या आजारात आपण काय सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "रमजानला तू घरी असशील, असं."

"ते तू सांगितलंस. मावशीला भेटायला बसऱ्याला जायचं म्हणून ती हट्ट धरून बसली होती, तेव्हा गाडीची किल्ली मी लपवली होती. म्हटलं, किल्ली हरवलीय, बरी झालीस की जाऊ."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. तुझी आजी तीन आठवड्यांत गेली. आमची मावशी शेवटपर्यंत म्हणायची, बहिणीने एकदा निरोपही घेतला नाही. त्या खोट्याची मालकी पस्तीसेक वर्षं मी एकटीची समजत होते. तो बोलला नसता तर तशीच मेले असते. तुला हे सांगते, कारण तुला वाटेल की आत्या म्हातारी झाली, सोळा तासांत खचली. खचले, पण नुसती त्यामुळे फाइल दिली नाही. फाइल देताना मला आईचं तोंड आठवत होतं. विचारलं तेव्हा तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

आता शुक्रवारचं. डॉक्टरांकडे निघताना यूसुफने तुझं अधिकारपत्र मागून घेतलं. वाचलं, उभं फाडलं, मग आडवं फाडलं. आत एकटा गेला. रुग्णालयाची अरबी बोलणारी दुभाषी होती, मला म्हणाला, तू नको. पन्नास मिनिटं मी बाहेर खुर्चीवर बसले. त्याच खुर्चीवर बसून त्याने बाहेर वाट बघावी, अशी आपण योजना केली होती.

बाहेर आल्यावर म्हणाला, "भूक लागली. भात कुठे मिळेल?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"तुला सांगितलं की तू मिशारीला सांगशील, मिशारी बायकोला, आणि गुरुवारपर्यंत दिवानियाच्या बैठकीतला चहावाला मला बरं वाटेल म्हणून दुआ करेल. माझ्या मुलाला मी सांगेन, समोर बसवून. एकट्याने ये म्हणावं. आणि मागच्या भागात बसून ये म्हणावं, त्याला माणसांची सवय राहील."

म्हणून ऑपरेशन ठरलं का, कधी, की तो घरीच परत यायचं म्हणतो, हे तू मला विचारू नकोस. मला ठाऊक नाही. काल त्याने काही कागदांवर सह्या केल्या, मी खोलीत असताना, कागदावर हात आडवा धरून. रोज जवळच्या तळ्यावर जाऊन गळ टाकणाऱ्यांना सल्ले देतो. त्यांना भाषा कळत नाही, ते ऐकतात. मी बाकावर बसून असते. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळतं का बघते. आमच्या घरात चेहरा झाकायची विद्या सगळ्यांनाच येते, त्यामुळे काही कळत नाही.

तू रागावशील. रागाव. माझ्यासाठी रांगेत उभा राहून माफी मागायला येऊ नकोस, मीही मागत नाही. पण हे पत्र वाचून झाल्यावर फोन करू नकोस, तिकीट काढ.

शब्द मोडलेली, आणि पुन्हा देणार नाही अशी,

तुझी आत्या
बद्रिया

दिलं-घेतलं ते लिहून ठेवते, मागाहून वाद नको. गेल्या मंगळवारी विमानात यूसुफला दिली: तपकिरी फाइल, अडतीस पानं, एक सीडी. शुक्रवारी सकाळी त्याला दिलं: त्याचा पासपोर्ट, रुग्णालयाचं कार्ड, परतीचं तिकीट. त्याने तुला देण्यासाठी माझ्याकडे दिलं: तुझ्या सहीचं अधिकारपत्र, चार तुकडे. या पाकिटात आहेत.